बसल्या जागी भाडं

प्रॉव्हिडंट फंड हातात पडला की मराठी माणसाला दोन गोष्टी सुचतात: चारधाम आणि दुसरा फ्लॅट. चारधामहून माणूस परत तरी येतो.

दुसऱ्या फ्लॅटची यात्रा शनिवारी दुपारी सुरू होते. पुण्याच्या हद्दीबाहेर, जिथे डांबर संपतं आणि फ्लेक्स सुरू होतात, तिथे सॅम्पल फ्लॅट असतो. त्यातला पलंग जरा आखूडच असतो आणि खोल्यांना दारं नसतात. त्यामुळे बेडरूम ऐसपैस वाटते. कॉफी येते. समोरची मुलगी कॅल्क्युलेटर सरकवते आणि म्हणते, ‘‘काका, भाड्यातच तुमचा हप्ता निघेल.’’

कॅल्क्युलेटर चांगला आहे. तोच घेऊ.

समजा, हद्दीच्या आतला तयार फ्लॅट ८० लाखांचा. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. बाईंच्या नावावर घेतलात तर एक टक्का वाचतो. निदान त्या निमित्ताने तरी घ्या. नोंदणीचे ३० हजार. पंखे, गीझर, किचन ट्रॉली, जाळ्या यांचे तीन लाख धरा. झाले जवळपास ८९ लाख. भाडं येणार महिना २४ हजार. आता नवखा मालक त्याला १२ ने गुणतो आणि इथेच फसतो. एक भाडेकरू जातो, दुसरा येतो, मधल्या काळात घरात फक्त पाल राहते आणि ती भाडं देत नाही. म्हणून ११ ने गुणा: २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार, मिळकतकर २० हजार, दलालाचं एक महिन्याचं भाडं २४ हजार, नळ-फ्लश-गळतीचे १५ हजार वजा करा. उरले १ लाख ६३ हजार. ८९ लाखांवर शेकडा दोनसुद्धा नाहीत. प्राप्तिकर अजून दारातच उभा आहे.

आणि हप्ता? ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: महिना ५२ हजार. भाड्यात हप्ता निघतो हे खरंच आहे, अर्धासुद्धा नाही इतकंच.

यावर ठेवणीतलं उत्तर असतं. ‘‘अहो, पण भाव वाढणार ना!’’ वाढेलही. मेट्रो येणार, रिंगरोड येणार, आयटी पार्क येणार. पुण्यात सगळं येणारच असतं. पण मग त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका. भावावर लावलेली पैज म्हणा, आणि पैज लावायला किती कर्ज काढायचं ते घरात बसून ठरवा, सॅम्पल फ्लॅटच्या सोफ्यावर नको.

एवढं ऐकूनही घ्यायचंच असेल (घ्यायचंच असतं, मला ठाऊक आहे), तर स्वतःची आवड बाजूला ठेवा. पूर्वेकडचं दार, बाल्कनीतून दिसणारी टेकडी यांचं भाडेकरूला सोयरसुतक नसतं. त्याला नळाला पाणी हवं आणि सकाळी ऑफिसला वेळेत पोचायचं असतं. तेव्हा साइट एप्रिल-मे महिन्यात बघा आणि सेल्सवाल्यांना टाळून वॉचमनला विचारा, ‘‘दिवसाला टँकर किती येतात?’’ त्या एका उत्तरापुढे माहितीपत्रकाची सोळा पानं फिकी पडतात. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकून बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागू शकत नाही, हे २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ‘‘येईल हो, फॉर्मॅलिटी आहे’’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि घरी या.

आता भाडेकरू. जाहिरात ठरलेली: ‘फक्त शाकाहारी, फक्त कुटुंब, बॅचलर क्षमस्व, आपल्यातले असल्यास प्राधान्य.’ अशा जाहिरातीचा फ्लॅट तीन महिने रिकामा राहतो आणि मालकाचे ७२ हजार जातात. इतक्या पैशांत शेजारच्यांच्या बोंबलाचा वास वर्षानुवर्षं सहन झाला असता. भाडेकरूच्या ताटात डोकावण्याऐवजी त्याची पगाराची स्लिप बघा आणि पूर्वीच्या घरमालकाला फोन करा. सध्याच्या मालकाला नको; तो भाडेकरूला घालवायला टपलेला असेल तर त्याची स्तुतीच करेल.

भाडेकरू मिळाला की मालक कंजूष होतो. ‘‘कशाला रजिस्टर करायचं? अकरा महिन्यांचाच तर करार आहे. स्टँपपेपरवर नोटरी करून टाकू.’’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत कुणीतरी जाणकार छातीठोकपणे सांगतो. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा नियम इतर राज्यांतून ऐकून आपण इथे वापरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातलं कलम ५५ वेगळं सांगतं: लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला हा अकरा महिन्यांचाच, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदतीची अट नाही. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून झोंबणारी गोष्ट पुढे आहे. वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात आणि त्या खोट्या आहेत हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे तो म्हणाला ‘‘भाडं बाराच हजार ठरलं होतं,’’ तर घ्या!

आणि हे सगळं टाळायला खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांचं मानीव व्याज धरायचं. शहरात नोंदणी फी एक हजार. आपल्या २४ हजारांच्या फ्लॅटला सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. एजंट अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो. सोफ्यावर बसून अंगठा उमटवायचा. वयस्कर काकांचा अंगठा तिसऱ्या खेपेला उमटतो, तोवर काकू ‘‘भांडी घासायला मी असते, अंगठा यांचा झिजलाय’’ म्हणतात. पंधरा मिनिटांत काम संपतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरायची, सोसायटीला कळवायचं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. सेक्रेटरींनी जास्त सांगितलं तर ऐकून घ्या आणि देऊ नका.

‘‘पण भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं ना?’’ नाही होत. ही भीती व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात उगवते. तुमच्या परवानगीने, करारावर, भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा हा मालकीविरुद्धचा ताबा ठरत नाही. उलट मुदत संपूनही तो हलला नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तो घर सोडेपर्यंतच्या काळाचे पैसे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येतात. अर्थात, करार नोंदवलेला असेल तर. लाइट-पाणी तोडून त्याला घालवायचा मर्दपणा करू नका. तो त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

कराचं थोडक्यात. ‘‘रोख द्या, पॅन मागू नका’’ म्हणणारे मालक अजून आहेत. भाडं वर्षाला लाखाच्या वर असलं की नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायला मालकाचा पॅन द्यावा लागतो. तुम्ही लपवलंत तरी त्याची कंपनी लिहून मोकळी. त्यापेक्षा सरळ दाखवा. भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यातून ३० टक्के दुरुस्तीपोटी बिलाशिवाय वजा मिळतात. सरकार इतकं उदार क्वचित होतं. पुण्यात मात्र स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिलं की जाते. हे लक्षात ठेवा आणि महापालिकेला कळवा. नाही कळवलंत तर थकबाकीची नोटीस तुम्हाला शोधत येईल.

सगळ्यात खरं नाटक शेवटच्या दिवशी घडतं. सामान टेम्पोत चढलंय. काका मोबाइलचा टॉर्च लावून भिंती तपासतात.

‘‘हा खिळा तुमचा.’’

‘‘काका, तो आम्ही आलो तेव्हापासून आहे. त्याला तुमच्याच बँकेचं कॅलेंडर होतं.’’

‘‘आणि हा डाग?’’

‘‘ती ओल आहे. दोन वर्षं सांगतोय.’’

काका ओलीवरून पुढे सरकतात आणि रंगकामाचे १८ हजार कापतात. शेवटचा रंग सात वर्षांपूर्वीचा असतो. भाडेकरू चिडतो, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, म्हणून कबूल होतो. पुढच्या आठवड्यात तो मालकाचं नाव, इमारत आणि मजला सांगून ओळखीच्या दहा जणांना सावध करतो. आयटीतल्या पोरांचे ग्रुप मोठे असतात. काकांचा फ्लॅट पुढचे दोन महिने रिकामा, म्हणजे ४८ हजार गेले. कापलेले १८ वजा जाता तोटा ३० हजारांचा.

हे टाळायला वकील लागत नाही. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून रिकाम्या घराचा व्हिडिओ काढायचा, पंखे-गीझर-चाव्यांची यादी करून सही करायची, वीज मीटरचा फोटो ठेवायचा. रंगाचे पैसे घ्यायचे असतील तर आकडा करारातच लिहायचा. आणि नव्या मालकांनो, डिपॉझिटला हात लावू नका. ती भाडेकरूची रक्कम आहे. वेगळ्या खात्यात ठेवा आणि किल्ल्या हातात आल्या त्याच संध्याकाळी परत करा.