बंद गाडीचे शास्त्रोक्त पूजन

महामार्गावर गाडी बंद पडली की सर्वप्रथम तिचे बॉनेट उघडतात. आत काय बिघडले ते कळावे, असा हेतू त्यामागे नसतो. उघडणाऱ्याला वायपरचे पाणी कुठे भरतात एवढेच ठाऊक असते. तरी बॉनेट वर गेल्याखेरीज गाडी रीतसर बंद पडली असे मानत नाहीत. पाठोपाठ गाडीतले सर्व पुरुष कमरेवर हात ठेवून इंजिनासमोर उभे राहतात आणि बॅटरीवर एकमत होते. बोरघाटात मे महिन्यात वाफ येत असेल, तर एकजण रेडिएटरचे झाकण फिरवायला सरसावतोच. तापलेल्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळत्या अवस्थेत अंगावर येते, हे त्याला नंतर कळते.

गाडी कुठे थांबवावी, याबद्दल दोन मते आहेत. पहिले असे, की इंजिन गचके देऊ लागताच, वेग शिल्लक असेपर्यंत, डावा इंडिकेटर देत अगदी डावीकडचा पट्टा गाठावा आणि हँडब्रेक ओढावा. दुसरे मत बहुमताचे आहे: जिथे बंद पडली तिथेच. उजवी लेन जन्मसिद्ध मानणाऱ्यांची गाडी त्यामुळे उजव्या लेनमध्येच देह ठेवते. वाहन धोकादायक स्थितीत उभे ठेवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ चा भंग आहे. पण कायद्याआधी बहुधा मागचा ट्रक पोहोचतो.

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे लाल त्रिकोणाचे बटण याच प्रसंगासाठी बसवलेले असते. आपल्याकडे ते चौकात सरळ जाताना, बोगद्यात, धो धो पावसात चालत्या गाडीत आणि वडापाव घेण्यापुरते रस्त्यात थांबताना दाबतात. एवढ्या वापरानंतर खरोखरच थांबलेल्या गाडीच्या दिव्यांवर मागून येणारा विश्वास ठेवत नाही, हे त्याच्या दृष्टीने रास्तच म्हणायचे.

म्हणून त्रिकोण लागतो. हा परावर्तक त्रिकोण गाडीबरोबरच मिळतो आणि डिकीत, चार बॅगा व आंब्याच्या दोन पेट्यांखाली, मूळच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात सुखरूप असतो. चिकाटीने बाहेर काढलाच, तर तो बंपरला टेकवून ठेवण्याची प्रथा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. समृद्धीवर १२०, म्हणजे ३३ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंद-दीड सेकंद सरतो. तेव्हा बंपरजवळचा त्रिकोण, आपण कशावर आदळलो, एवढीच माहिती मागच्याला देतो. तो निदान ५० मीटर मागे हवा, अशा रस्त्यांवर त्याहूनही लांब, आणि वळण असेल तर वळणाच्या आधी. नेताना तो छातीसमोर धरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, शक्य तिथे कठड्याबाहेरून चालावे. वाहतूक अंगावरून जात असेल, तर त्रिकोणाचा नाद सोडावा.

माणसांची व्यवस्था हा सर्वांत दुर्लक्षित भाग. इंजिनाबरोबर एसी बंद होतो, म्हणून मंडळी उतरतात आणि गाडीच्याच सावलीत, तिच्या पुढे, सतरंजी अंथरून भडंग काढतात. मागून धडक बसली की गाडी पुढे जाते, हे शाळेत सर्वांनी घोकलेले असते. सतरंजीवर ते आठवत नाही. वास्तविक सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे जायचे असते, आणि तिथेही गाडीच्या मागच्या बाजूला सरकून उभे राहायचे असते. उजवीकडचे चाक पंक्चर असेल, तर वाहतुकीकडे पाठ करून जॅक लावणारा गृहस्थ दोनशे रुपये वाचवतो, पण कोणासाठी, हे सांगता येत नाही. उतरणेच अशक्य असेल, तर पट्टे लावून बसावे.

पहिला फोन मेव्हण्याला जातो. तो डोंबिवलीत असतो आणि त्यालाही बॅटरीचाच संशय येतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि राज्यात कुठेही ११२ हे क्रमांक लागतात, पण तिकडे ओळखीचे कोणी नसल्याने ते शेवटी लावतात. ‘कुठे आहात?’ या प्रश्नाला ‘त्या ढाब्याच्या थोडं पुढे’ हे उत्तर देण्याऐवजी जवळच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा आणि जाण्याची दिशा सांगितली, तर क्रेन त्याच दिवशी येते.

त्रिकोण न सापडलेले लोक गाडीभोवती दगड मांडतात आणि झाडाची फांदी आडवी टाकतात. क्रेन गाडी घेऊन जाते. दगड तिथेच राहतात आणि रात्री दुसऱ्या कोणाचा टायर फोडून नव्या गाडीची सोय करतात. निघण्यापूर्वी, वाहतूक थांबलेली असतानाच, तेवढे दगड उचलून कठड्यापलीकडे टाकावेत.