वाघाचं जेवण आणि आईचा रिमोट

कुंभकोणममधल्या तंजावरी मराठी घरात काय, नि डोंबिवलीच्या चाळीत काय, जंगलाची फिल्म लागली की सर्वांत मोठी शिकार आईच करते. वाघीण दबा धरून बसते, चितळ कान टवकारतं, वाघीण झेपावते आणि तिच्याआधी आई रिमोटवर झेपावते. जंगल गायब, समोर साबणाची जाहिरात. वाघीण उपाशी, पोरं निष्पाप, आई घामाघूम.

घाम पोरांना फुटत नाही, हे कुणी पाहत नाही. पोरांना दोनच प्रश्न पडतात. वाघिणीची पिल्लं आता काय खाणार? आणि कॅमेरावाले काका हरणाला ‘पळ’ का नाही म्हणाले?

दुसरा प्रश्न भलताच नेमका आहे. डिस्नेच्या 1958 सालच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकून जीव देताना दिसतात. लोक हळहळले, चित्रपटाला ऑस्करही मिळालं. पुढे उघड झालं ते असं की, लेमिंग विकत आणून चित्रीकरण करणाऱ्यांनीच त्यांना कड्यावरून लोटलं होतं. म्हणजे काका नुसते गप्प उभे नव्हते, काकांनी धक्काही दिला होता. मोठ्यांना निसर्ग आहे तसा पुरत नाही, त्यात करुण रस कालवावा लागतो.

म्हणून मग घरात एकमताने लागते ‘द एलिफंट व्हिस्परर्स’. तमिळ बोलणारी, मुदुमलाईत घडणारी, 2023चं ऑस्कर मिळवलेली आणि मुख्य म्हणजे रक्ताचा थेंब नसलेली. आई निर्धास्त होऊन रिमोट खाली ठेवते. आणि बोम्मन-बेल्ली या जोडप्याने लेकरासारखा वाढवलेला छोटा हत्ती रघू वनखातं दुसऱ्या माहुताकडे सोपवतं, तेव्हा पोरं हमसून रडतात. चितळाला वाघीण खाते यावर न रडलेली पोरं एका बदलीच्या आदेशावर रडतात. या दृश्यावर रिमोट दाबायचं मात्र कुणाला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब कुंभकोणमच्या आदि कुंभेश्वराला. देवळाची मंगलम हत्तीण गावाची लाडकी. नाणं द्यायचं, सोंड डोक्यावर टेकते, आशीर्वाद मिळतो, फोटो निघतो. तेवढ्यात धाकटं विचारतं, “आई, हिचा कळप कुठाय?” कारण हत्तिणी कळपात राहतात आणि सर्वांत वयस्कर हत्तीण कळपाला वाट दाखवते, हे त्याला फिल्मनेच शिकवलेलं असतं. आईचा हात नकळत रिमोट शोधतो. देवळात तो नसतो.

मग ठेवणीतलं उत्तर निघतं, “राजांच्या काळापासून असंच आहे रे.” खरंच आहे ते. चाळीसेक किलोमीटरवर तंजावरच्या सरस्वती महालात भोसले राजांनी जपलेल्या पोथ्यांमध्ये गजशास्त्राची सचित्र पोथीही आहे. हत्ती कसा पारखावा, कसा राखावा, याचं शास्त्र आपल्याकडे आहे. हत्तीला कुणाची आठवण येत असेल का, हा अध्याय पोरांनी काढलेला.

सरकारलाही थोडी चुटपुट लागली असावी. तमिळनाडूने 2003 मध्ये देवळांतल्या हत्तींसाठी विश्रांती शिबिरं सुरू केली. तिथे हत्ती 48 दिवस जंगलाच्या कडेला राहायचे, डुंबायचे, इतर हत्तींना भेटायचे आणि पुन्हा देवळात हजर व्हायचे. भक्त म्हणतात ही देवाची सेवा. सेवेला रजा लागते, म्हणजे ती नोकरीच, हे सरकारने न बोलता मान्य केलं. पोरांना हे सांगून पाहा. पुढचा प्रश्न ठरलेला: “मग राजीनामा देता येतो का?”

तेव्हा आईबाबांनो, रिमोट ठेवा खाली. वाघिणीला जेवू द्या. ती भूक लागली म्हणून मारते आणि नंतर कुणाला आशीर्वाद देत नाही. पोरांना समजावून सांगायला जगात तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. तयारी करायचीच असेल, तर देवळात जाण्याआधी करा.