दोनाच्या तीन, तिनाच्या दोन

पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसकडे सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करायच्या दोन यंत्रणा होत्या. लिनक्स-मॅकवाल्यांसाठी ऑटोकॉन्फ आणि मेक, तर विंडोजच्या व्हिज्युअल स्टुडिओसाठी पर्लमध्ये लिहिलेल्या खास स्क्रिप्ट. एका बाजूला नवी तपासणी वाढवली की तिची वर्दी दुसऱ्या दरबारीही द्यायची. या कटकटीवर उतारा म्हणून सगळीकडे चालेल अशी मेसॉन आणली. २०२३ मध्ये, सोळाव्या आवृत्तीत. म्हणजे आता तीन!

सतराव्या आवृत्तीत पर्लच्या स्क्रिप्टना नारळ मिळाला आणि पुन्हा दोन उरल्या. वेग वाढला हे खरे. मेसॉन निन्जा या साधनाला कामाला लावते आणि बांधणी झटपट उरकते. पण मेक म्हणजे घरातली आजेसासू. सून कितीही तडफदार असो, किल्ल्या कमरेला कोणाच्या?

१९७६ साली बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या या मेकच्या मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. कर्ते स्टुअर्ट फेल्डमन यांना ही खोड लवकरच खटकली होती. पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते, त्यांची गैरसोय कशाला! तेव्हापासून उरलेले जग टॅब मारते आहे.

आणि किल्ल्या अजून मेकच्याच कमरेला, कारण पोस्टग्रेसची बाहेरची बहुतेक एक्स्टेन्शन्स पीजीएक्सएस या यंत्रणेमार्फत, म्हणजे मेकवरच, बांधली जातात. त्यामुळे मेसॉनने बांधणी केली तरी ती एक मेकफाइल मुकाट्याने तयार करून ठेवते.