पिशवीवाल्या काकांचा लीड स्कोअर

यंदाच्या इंजिनिअरिंग प्रदर्शनातला सर्वोत्तम ग्राहक कोण, याचा निकाल लागला आहे. निकाल संगणकाने लावला असल्यामुळे त्यावर अपील नाही. हे गृहस्थ चिंचवडला राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त आहेत. मोशीला कुठलंही प्रदर्शन भरो, शेतीचं, फर्निचरचं की हायड्रॉलिक पंपांचं, पहिल्या दिवशी दार उघडायच्या आधी ते रांगेत असतात. हातात एक पिशवी असते. तिच्यात घडी घातलेल्या आणखी तीन असतात.

पूर्वी स्टॉलवरचा मुरलेला सेल्समन अशा काकांना दोन गल्ल्या पलीकडून ओळखायचा. काका जवळ आले की पेनांचा ट्रे टेबलाखाली जायचा आणि तांत्रिक माहितीपत्रक पुढे यायचं, तेही इंग्रजी. काकाही मुरलेले. ते माहितीपत्रक आनंदाने घ्यायचे. आर्ट पेपरला रद्दीत वजन चांगलं भरतं.

तो सेल्समन आता राहिला नाही. त्याच्या नजरेच्या जागी सॉफ्टवेअर बसवलं आहे, आणि सॉफ्टवेअर पिशवी बघत नाही, हालचाल बघतं. त्याला जे दिसलं ते असं: हा माणूस सकाळी दहाला आत आला आणि संध्याकाळी सहाला बाहेर पडला. एकही स्टॉल सोडला नाही. पाच-अक्षी व्हीएमसी मशिनच्या स्टॉलवर चाळीस मिनिटं थांबला. (तिथे खुर्च्या होत्या.) लेझर कटिंगच्या स्टॉलवर तीनदा आला. (तिथे मोबाइल चार्ज करायची सोय होती.) रोबोटिक वेल्डिंगचं प्रात्यक्षिक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. (शेवटी टोपी मिळणार होती.) लीड स्कोअर, म्हणजे गिऱ्हाईक होण्याची शक्यता, शंभरपैकी सत्त्याण्णव. तीन गुण गेले, कारण ईमेलच्या रकान्यात त्यांनी नातवाचा पत्ता लिहिला.

हे सगळं कळतं ते गळ्यात लटकणाऱ्या क्यूआर कोडमुळे. हा ठिपक्यांचा चौकोन १९९४ साली जपानात जन्मला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो समूहात मासाहिरो हारा या इंजिनिअरने तो तयार केला, तो कारखान्यात सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. खोक्यावर कोड चिकटवा, स्कॅन करा, कुठला भाग कुठे चालला ते कळतं. भोसरी-चाकण पट्ट्यातले आमचे लघुउद्योजक वर्षानुवर्षं असे कोड खोक्यांना चिकटवत आले आहेत. आता प्रदर्शनाच्या दारात तोच कोड त्यांच्या गळ्यात अडकवतात, ‘बीप’ वाजतं, आणि गिअरचा माग ठेवायला निघालेलं तंत्र गिअरवाल्याचा माग ठेवू लागतं. फरक एवढाच की सुट्या भागाला रिजेक्ट होऊन सन्मानाने घरी परतता येतं.

तसं पाहिलं तर व्यापारी प्रदर्शनांचा इतिहास हा माल हळूहळू नाहीसा होत गेल्याचा इतिहास आहे. जुन्या जत्रेत व्यापारी अख्खा माल गाड्यांवर लादून आणायचे आणि तिथेच विकून मोकळे व्हायचे. मग कारखाने आले, रेल्वे आली, आणि १८९५मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगने आपल्या जत्रेची नमुन्यांची जत्रा करून टाकली. नमुना बघा, ऑर्डर द्या, माल मागून येईल. पुढे नमुन्याची जागा माहितीपत्रकाने घेतली, माहितीपत्रकाची पेन ड्राइव्हने, आणि आता कित्येक स्टॉलवर भिंतीला एक कोड चिकटवलेला असतो. ‘सगळं यात आहे, सर.’ माल नाही, नमुना नाही, कागदही नाही. स्टॉलवर वजनदार म्हणावी अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे भाड्याचं बिल.

छताला लावलेले एआय कॅमेरे दिवसभराचा ‘हीट मॅप’ काढतात. जिथे गर्दी जास्त तिथे नकाशा लाल. परवाच्या नकाशात सर्वांत लाल जागा स्वच्छतागृहाच्या दारात निघाली आणि आयोजकांचे चेहरे पडले. पडायचं काही कारण नव्हतं. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं, त्याला साठ लाखांवर भेटी झाल्या. तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने सशुल्क स्वच्छतागृहं उभारली आणि एकेक पेनी मोजून सव्वाआठ लाखांवर लोकांनी त्यांचा लाभ घेतला. मार्केटिंगवाले ज्याला ‘क्वालिफाइड लीड’ म्हणतात तो हाच. गरज खरी, निकड तातडीची, निर्णय घेणारी व्यक्ती स्वतः हजर आणि पैसे रोख. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत इतका चोख ग्राहक कुठल्याही प्रदर्शनाला लाभलेला नाही.

मध्यंतरी सगळं प्रदर्शनच मोबाइलमध्ये नेऊन ठेवण्याचा प्रयोग झाला. करोनामुळे जानेवारी २०२१मध्ये लास व्हेगासचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन पूर्णपणे ऑनलाइन भरलं. त्याच वर्षी हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शनही पडद्यावर गेलं. आपल्याकडेही पडद्यावर सभागृहं उभी राहिली. दारात संगणकाने काढलेल्या कुंड्या, कुंड्यांत कधीच न सुकणारी झाडं, आणि स्वागताला हसतमुख तरुणी, जिच्याशी काहीही बोललं तरी ती लॉबीतच परत आणून सोडायची. आता मैदानं ओस पडणार, मांडववाल्यांनी दुसरा धंदा शोधावा, अशी भाकितं झाली. २०२२ साली ही दोन्ही प्रदर्शनं पुन्हा जमिनीवर आली.

का आली, यावर परिसंवाद झाले. माणसाला माणूस लागतो, डोळ्यांत बघून विश्वास बसतो वगैरे. हे खरंच आहे. पण सोपं कारण कुणी सांगितलं नाही. ऑनलाइन प्रदर्शनात कॉर्नर स्टॉल नसतो. दोन बाजू उघड्या म्हणून जादा दर, तीन बाजू उघड्या म्हणून त्यावर जादा, दाराजवळ म्हणून आणखी जादा, ही आकारणी पडद्यावर करणार कशी? प्रदर्शनात शेकडो कंपन्या हजारो वस्तू मांडतात, पण हमखास खपणारा माल एकच असतो, चौरस मीटर. आता त्याला जोडधंदा मिळाला आहे. जागेचं भाडं वेगळं आणि त्या जागेत आलेल्या माणसाला स्कॅन करायच्या अ‍ॅपचं भाडं वेगळं. आपल्याच स्टॉलवर कोण येऊन गेलं, हे आता विकत घ्यावं लागतं.

गंमत अशी की तंत्रज्ञानाचीच काही बडी प्रदर्शनं आधी आटोपली. संगणकाच्या दुनियेत एके काळी दबदबा असलेलं हॅनोव्हरचं सेबिट २०१८नंतर भरलं नाही. व्हिडिओ गेमचं ई-थ्री २०२३ साली कायमचं मिटलं. नट-बोल्ट, पंप, व्हॉल्व्ह आणि लेथ यांची प्रदर्शनं मात्र अजून भरताहेत. पण या गोष्टीचा अर्थ लावायला कुणाला वेळ नाही, कारण सगळे काकांच्या मागे लागले आहेत.

प्रदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी एआयने काकांना पत्र लिहिलं. ‘आपल्याशी झालेली सखोल चर्चा आमच्यासाठी प्रेरणादायी ठरली. आपल्या प्लँटच्या उत्पादकतेच्या वाटचालीत आम्हांला सहभागी व्हायला आवडेल.’ काका जुन्या वळणाचे. आलेल्या पत्राला उत्तर द्यावं, असं मानणारे. त्यांनी लिहिलं, ‘पेन चांगलं आहे. रिफिल कुठे मिळेल?’ यंत्राने वाचलं: उत्पादनाबाबत समाधानी, सुट्या भागांची चौकशी. स्कोअर नव्व्याण्णव.

लगोलग सेल्स इंजिनिअर काकांच्या घरी थडकला. काकूंनी पोहे केले. टॅब्लेटवर दीड कोटीच्या मशिनची फिल्म चालू झाली. काकांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, ‘एवढं मोठं धूड गॅलरीत कसं बसायचं हो?’ अहवालात नोंद झाली: ‘जागेची अडचण. ग्राहक विस्ताराच्या विचारात.’ पुढच्या वर्षी काकांना ‘होस्टेड बायर’ म्हणून बोलावणार आहेत. न्यायला गाडी, राहायला हॉटेल, जेवण आयोजकांकडे. काकांनी रात्री घरीच झोपायला जाऊ का, असं विचारलं आहे. नम्रपणाबद्दल त्यांना एक गुण वाढवून मिळाला.

मधल्या काळात काकांचा नंबर गावभर झाला. त्यांना क्रेन भाड्याने देणाऱ्यांचे फोन येतात, कारखान्यासाठी कर्ज देणाऱ्यांचे येतात, जीएसटीचं रिटर्न भरून देतो म्हणणाऱ्यांचे येतात. आता वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आहे. तो २०२३ साली झाला, त्याचे नियम निघायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमकी आणि समजून-उमजून दिलेली असावी, असं कायदा म्हणतो. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. काकांचीही संमती आहेच. नोंदणीच्या अर्जात तळाशी एक चौकोन होता, त्यात आधीच खूण केलेली होती. वरचा मजकूर समजून-उमजून वाचायचा तर आधी आत जाऊन भिंगाचा स्टॉल गाठावा लागला असता.

आता दुसऱ्या एका पाहुण्याची गोष्ट. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत याचं लहानसं वर्कशॉप आहे. पहाटे गाडी काढून तो मोशीला आला. ऑनलाइन नोंदणी केली नव्हती, तेव्हा पुण्यात डिप्लोमा करणाऱ्या भाच्याचा बिल्ला गळ्यात अडकवून आत शिरला आणि सरळ एका स्टॉलवर गेला. तिथल्या सुटाबुटातल्या मुलाने त्याच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला. त्याने इकडे-तिकडे मान फिरवली, चष्मा काढून परत दिला आणि म्हणाला, ‘झकास हाय. मशिन कुठाय?’

मशिन पडद्यामागे होतं. त्याने बेडवरून हात फिरवला. कव्हर उघडायला लावलं. स्पिंडल फिरवायला सांगितलं, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि चालत्या मशिनवर कडेवर उभं केलं. नाणं पडलं नाही. मग सुटाबुटाकडे पाठ करून तो कारखान्यातून आलेल्या ऑपरेटरशी बोलू लागला. बेअरिंग गेलं तर माणूस किती तासांत येतो? तो सांगलीत बसतो की कोल्हापुरात? त्याचं नाव काय? स्पेअर पुण्यात असतात की तैवानहून येतात? आणि शेवटी, ‘पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा कायदा असून माझी पार्टी शंभराव्या दिवशी चेक देते. तुमचा हप्ता कुठल्या तारखेला धरू?’ एवढं बोलून, ऑपरेटरचा नंबर घेऊन, चहा पिऊन तो गेला. पेन त्याने घेतलं नाही.

सॉफ्टवेअरने नोंद केली: ‘विद्यार्थी. एकाच स्टॉलला भेट. स्कोअर चार. संपर्क साधू नये.’

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. त्या वेळी हे सॉफ्टवेअर असतं तर दुसऱ्याच आठवड्यात शेरा आला असता: ‘ग्राहकवर्ग अनुत्सुक. मोहीम थांबवावी.’ आणि लक्ष्मणरावांना पेनं वाटायचा सल्ला मिळाला असता.

कुपवाडवाल्याने पंधरा दिवसांनी ऑपरेटरला फोन केला आणि मशिन बुक केलं. ऑफिसात आनंद झाला आणि लगेच पंचाईतही. ऑर्डर कुठून आली, हे भरल्याशिवाय संगणक पुढचं पान उघडत नाही. पर्याय होते: वेबसाइट, क्यूआर स्कॅन, ईमेल, चॅटबॉट, समाजमाध्यम, व्हीआर अनुभव. ‘नाणं उभं राहिलं’ असा पर्याय नव्हता. शेवटी ऑर्डर ‘इतर’मध्ये टाकली.

तिमाही बैठकीत पडद्यावर गोल आलेख आला. लीड सगळ्यांत जास्त क्यूआर स्कॅनमधून आणि ऑर्डरी सगळ्यांत जास्त ‘इतर’मधून. ‘इतर’ एवढं मोठं कसं, असं साहेबांनी विचारलं. नव्या सल्लागारांनी चष्मा पुसत सांगितलं की ही डेटाच्या शिस्तीतली गंभीर गळती आहे आणि ती वेळीच बुजवली पाहिजे. त्याप्रमाणे ठराव झाले. यापुढे कारखान्यातले ऑपरेटर प्रदर्शनात न्यायचे नाहीत, त्यांच्या जागी टचस्क्रीन ठेवायचा. चालतं मशिन मांडायचं नाही, त्याला जागा फार लागते आणि तेल सांडतं. बिल्ला स्कॅन केल्याशिवाय चहा द्यायचा नाही. पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट एकमताने मंजूर झालं: ‘इतर’ शून्यावर आणायचं.

आणतील. एवढी शिस्तबद्ध माणसं आहेत, त्यांना ते अवघड नाही.