पाहायलाच हवेत असे!

'मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत' अशा अभिजात चित्रपटांच्या याद्या करणाऱ्या समीक्षकांचे आपल्यावर अनंत उपकार आहेत. शांताल अकेरमान यांचा १९७५ चा 'जान दीलमान' या समीक्षकांनी २०२२ साली 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाच्या कौलात जगात पहिला ठरवला नसता, तर बाई बटाटे सोलते आहे, हे दृश्य आपण घरी फुकटच पाहत राहिलो असतो. बेला तारचा 'सातांतांगो' तर सात तासांहून मोठा. तो 'भावला' म्हणणाऱ्याची उलटतपासणी करायची कुणाची टाप नाही.

याच न्यायाने पहिला मान 'आलम आरा'ला मिळावा. १९३१ चा हा आपला पहिला बोलपट. एकही प्रत शिल्लक नाही. त्याच्या ध्वनिसंयोजनावर चार रकाने खुशाल लिहावेत, खोडून काढायला कुणी येत नाही. पुढची यादी केवळ नष्ट झालेल्या चित्रपटांचीच असावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

'प्रभात'चा १९३६ चा 'संत तुकाराम' मात्र वगळावा. तो व्हेनिसला नावाजला गेला, हे मान्य. पण तो अजून पाहता येतो आणि आजीलाही कळतो. इतके दोष असताना त्याला अभिजात म्हणणे समीक्षेला शोभत नाही.