अज्ञात इसमाचा वणवा

उन्हाळा लागला की गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात एक इसम कामाला लागतो. नाव अज्ञात, पत्ता अज्ञात, हजेरी मात्र पक्की. कन्नडच्या डोंगरावर गवत वाळलं की हा काडी ओढतो आणि वणव्याचा गुन्हा अर्थातच 'अज्ञात इसमा'वर पडतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 30 अभयारण्यात आग लावायला मनाई करतं. पण कलम वाचून कुणी विडी विझवल्याचं ऐकिवात नाही.

उपग्रह बिचारा इमानी. 375 मीटरचा एकेक चौकोन न्याहाळतो. धग दिसली की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून थेट मोबाइलवर संदेश. पुढे वनरक्षक जाणे. हातात ओला डहाळा, नशीब असेल तर ब्लोअर, आणि समोर तडतडणारी कुसळी.

आकाशातून आग दिसते, काडीवाला दिसत नाही. गावात तो सगळ्यांना दिसतो. जाळलं की पावसात गवत जोमानं फुटतं, ही त्याची समजूत. आणि गुरं त्याचीही आहेत, पंचांचीही. त्यामुळे पंचनाम्यात आगीचं कारण 'सांगता येत नाही'. ऊनच कडक होतं म्हणे.