उताऱ्यातले जिवाणू

जिवाणूंवरचा उतारा हा प्राथमिक शाळेतल्या वाचन-सरावाचा एक ठरलेला प्रकार आहे. त्याची लांबी शंभर-सव्वाशे शब्दांची. पहिल्या वाक्यात जिवाणू सगळीकडे असतात, दुसऱ्यात ते डोळ्यांना दिसत नाहीत, तिसऱ्यात काही चांगले तर काही वाईट निघतात आणि शेवटच्या वाक्यात जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावे लागतात. मधल्या भागात काय घालायचे हे लेखकावर सोडलेले असते. बरेचदा तो काही घालत नाही. खाली एका वाक्यात उत्तरे, रिकाम्या जागा, चूक की बरोबर आणि एक विरुद्धार्थी शब्द. तो बहुधा ‘स्वच्छ’ याचाच असतो.

तिसरीतले मूल हा उतारा वाचत नाही. ते आधी प्रश्न वाचते. ‘जिवाणू कोठे राहतात?’ असा प्रश्न आला की उताऱ्यात ‘राहतात’ शोधायचे, त्याच्या आधीचे शब्द उचलायचे आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा. ही युक्ती आपण शिकवत नाही असे शाळा सांगते. शिकवणीच्या बाई शिकवतात, पेन्सिलीने अधोरेखित करून.

युक्ती किती पक्की आहे हे पाहायचे तर उताऱ्यातून जिवाणूच काढून टाकावेत. ‘टिमके ओलसर फुरळीत राहतात. एक टिमका वीस मिनिटांत भिंगतो आणि त्याचे दोन टिमके होतात. झुंबट चोळल्यावर टिमके निसटतात.’ आता प्रश्न: टिमके कोठे राहतात? ओलसर फुरळीत. टिमक्याचे दोन केव्हा होतात? तो भिंगल्यावर. टिमके कशाने निसटतात? झुंबट चोळल्याने. सगळे गुण, शेजारी लाल शाईत ‘छान!’. विरुद्धार्थी शब्द तेवढा ‘ओलसर’चा विचारावा लागेल.

आकलन झाले की नाही याची खरी परीक्षा मधल्या सुट्टीत होते. ‘साबणाने हात धुवावेत’ हे वाक्य वहीत वळणदार अक्षरात लिहिलेला विद्यार्थी खिचडीच्या रांगेत लागण्यापूर्वी नळाखाली तीन बोटे धरतो आणि सदऱ्याच्या मागच्या बाजूला पुसतो. साबणामुळे हाताचा तेलकटपणा सुटतो आणि त्याला चिकटलेले जिवाणू पाण्याबरोबर वाहून जातात, त्यासाठी वीसेक सेकंद चोळावे लागते, हे उताऱ्यात नव्हते. नुसते ‘धुवावेत’ होते. विद्यार्थ्याच्या मते त्याने धुतले आहेत.

चित्रांनी या विषयाचे आणखी नुकसान केले आहे. वाईट जिवाणू हिरवा असतो, त्याला शिंगे असतात आणि तो दात विचकतो. दह्यातला जिवाणू गुलाबी असून हसतो. प्रत्यक्षात दोघांनाही तोंड नसते. दह्यात जिवंत जीव आहेत तर एकादशीला दही कसे चालते, हा प्रश्न मात्र एखाद्या वर्गात हमखास येतो. तेव्हा तास संपत आलेला असतो, नसला तरी.

मनोरंजक भाग उताऱ्याबाहेरच राहतो, ही याहून मोठी तक्रार आहे. ‘जिवाणूंचा शोध लेव्हेनहुक यांनी लावला’ एवढे एक वाक्य छापतात आणि मुले ते नाव चार प्रकारांनी चुकवतात. हा डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी होता, १६८३ साली त्याने दातांवरचे किटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले आणि आत हालचाल दिसल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचे तोंडही त्याने तपासले. तिथे तर जत्राच भरली होती. एवढे सांगितले असते तर नाव आपोआप पाठ झाले असते आणि रात्री दात घासायला दोनदा सांगावे लागले नसते. संख्येचेही तसेच. अन्न आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुभंगतो. एकाचे तासात आठ आणि सगळे असेच सुरळीत चालले तर सात तासांत वीस लाखांवर होतात. पुढे अन्न संपते आणि वाढ थांबते. शनिवारी दप्तरात राहिलेला डबा सोमवारी उघडणाऱ्या आईला हे गणित मांडून दाखवावे लागत नाही.

वाचलेले समजणे हे त्या विषयाची आधी किती ओळख आहे यावर फार अवलंबून असते. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले त्यात वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. मराठी मुलांकडे बेसबॉल नसला तरी विरजण असते. कोमट दूध, चमचाभर दही, वर झाकण आणि ‘सकाळपर्यंत हात लावू नकोस’ ही ताकीद त्यांनी घरात ऐकलेली असते. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दुधातले प्रथिन गोठते, एवढी भर उताऱ्याने घातली की पुरे.

मग प्रश्न असे विचारता येतात: विरजण उकळत्या दुधात घातले तर काय होईल? थंडीत दही लागायला वेळ का लागतो? दही चार दिवस बाहेर ठेवले तर आंबट का होते? यांची उत्तरे उताऱ्यातून उचलता येत नाहीत. एका प्रश्नाचे उत्तर आजीकडे मिळते, तेही कारणाशिवाय. उतारे काढणाऱ्यांनी असा निदान एक प्रश्न प्रत्येक उताऱ्याखाली घालावा आणि त्याला दोन गुण ठेवावेत. एका गुणासाठी तिसरीतले मूल डोके चालवत नाही.